पत्रा घ्या, पण तराजूवर!

रायपूर–बिलासपूर रस्त्यावरचं भनपुरी म्हणजे कारखान्यांचा भाग. उरला, सिलतरा इथल्या पोलाद कारखान्यांचा शेजार, त्यामुळे इथे शेडपासून घराच्या गच्चीपर्यंत पत्र्याचंच छप्पर दिसतं.

असं छप्पर घालताना खर्चात पहिली गफलत होते ती मापात. खोली २० बाय १५ फूट, म्हणजे ३०० चौरस फूट. पण चारही बाजूंनी फूटभर पागोळी सोडली की तेच माप २२ बाय १७, म्हणजे ३७४ चौरस फूट होतं. जवळजवळ चौथा हिस्सा जास्त! उतार आणि पत्र्यावर पत्रा चढतो ती जोड यात धरलेलीच नाही.

दुसरी मेख जाडीची. ०.५० मिलिमीटरचा पोलादी पत्रा चौरस मीटरला सुमारे ३.९ किलो भरतो, ०.३५चा जेमतेम २.७५. डोळ्यांना फरक कळत नाही, तराजूला कळतो.

मिस्त्री ठरवताना पत्रा, लोखंडी सांगाडा, मजुरी, वाहतूक आणि जुने पत्रे उतरवणं, असे पाच आकडे वेगवेगळे मागावेत. जीएसटी धरून की वगळून, तेही कागदावर हवं.

काम चालू असताना एकदा शिडी चढून बघावं. स्क्रू पन्हळीच्या खोलगटात नको, उंचवट्यावर हवा. खाली रबरी वॉशर हवाच. तो जास्त आवळला तर चिरतो, सैल राहिला तर गळतो.

जुना पत्रा ॲस्बेस्टॉसचा असेल तर तो फोडू किंवा कापू देऊ नका, त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. आणि शेवटचा हप्ता छपरावर पाणी ओतून पाहिल्यावरच द्या.