चकाकी वर, कसोटी तळाशी

जुन्या स्पोर्ट्स कारच्या प्रदर्शनात गर्दी होते ती चकाकता रंग, क्रोमचे बंपर आणि चामड्याची आसने यांच्याभोवती. गाडीखाली वाकून पाहणारा विरळाच. अशा गाडीचे आयुष्य आणि तिच्यात बसणाऱ्याची सुरक्षितता मात्र ठरते ती याच न दिसणाऱ्या भागात. ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या आणि रचनेत मोठा बदल न झालेल्या मोटारींना वार्षिक तांत्रिक तपासणीतून सूट मिळाली. गाडी रस्त्यावर चालण्यायोग्य ठेवण्याचे बंधन कायम राहिले. पण वर्षातून एकदा ती वर उचलून तळ पाहणारा त्रयस्थ डोळा गेला. म्हणूनच जुन्या गाडीचा तळ आणि सस्पेन्शन यांची दुरुस्ती कशी होते, हे समजून घेणे अगत्याचे ठरते.

यासाठी ‘एमजीबी’ या ब्रिटिश गाडीसारखे दुसरे उदाहरण नाही. इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात अशा पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. सुटे भाग आजही मिळत असल्याने घरच्या गॅरेजमध्ये पुनरुज्जीवन करणाऱ्यांची ती आवडती गाडी आहे.

गाडीचा कणा

‘एमजीबी’च्या आधीच्या ‘एमजीए’ला स्वतंत्र पोलादी चेसिस होती. ‘एमजीबी’त ती नाही, पत्र्याचे भाग एकमेकांना जोडून बनलेली बॉडी हीच तिची चेसिस. उघड्या टपाच्या गाडीला छताचा आधार नसल्याने मधला बोगदा आणि दोन्ही दारांखालून लांबीने जाणाऱ्या पोकळ पेट्या, म्हणजे सिल, यांच्यावरच सारा भार पडतो. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, मधला उभा पडदा आणि खालची घडीची पट्टी मिळून ही पेटी तयार होते. सिल गंजली की गाडीचा कणाच वाकू लागतो. दार नीट लागेनासे होणे किंवा दाराची फट वर अरुंद आणि खाली रुंद दिसणे, ही त्याची पहिली खूण.

गंजाला लागते ओल आणि हवा. हिवाळ्यात ब्रिटनच्या रस्त्यांवर बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात आणि खारे पाणी ही क्रिया झपाट्याने वाढवते. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल मडगार्डच्या आत, नेमका सिलच्या टोकावर साचतो आणि वर्षानुवर्षे ओला राहतो. मागचे पाटे बॉडीला जिथे जोडलेले असतात ती जागा, आसनांमागील बॅटरीचे खण आणि फरशीच्या कडा ही गंजाची आणखी ठरलेली ठिकाणे.

काळ्या लेपाखाली दडलेले

गंज रोखण्यासाठी पूर्वी तळाला डांबरासारखा जाड काळा लेप देत. ताजा असताना तो उपयोगी पडतो. पण कालांतराने कडक होऊन तडकतो, फटीतून पाणी आत शिरते आणि बाहेर पडत नाही. वरून लेप अभंग दिसतो, आत पत्रा पोखरला जातो. त्यामुळे ‘नुकतेच अंडरकोटिंग केले आहे’ हे विक्रेत्याचे वाक्य खरेदीदाराने शंकेनेच ऐकावे. बोथट स्क्रू ड्रायव्हरने टोचून आणि ठोकून पाहिले की खरे काय ते कळते. निरोगी पत्रा खणखणतो, कुजलेला दबतो.

दुरुस्तीची सुरुवात म्हणून लेप खरवडून काढण्यापासून होते. काम कंटाळवाणे आणि घाणेरडे असते. पण त्याला पर्याय नाही. वाळूच्या माऱ्याने साफसफाई लवकर होते, मात्र पातळ पत्रा त्याने वाकण्याचा धोका असतो. गाडीखाली शिरण्यापूर्वी ती भक्कम घोड्यांवर उभी असायलाच हवी. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणे जिवावर बेतू शकते. वेल्डिंगपूर्वी बॅटरी आणि पेट्रोलची टाकी उतरवणे हेही तितकेच आवश्यक.

आधी पत्रा, मग स्प्रिंग

या कामात क्रमाला फार महत्त्व आहे. नवी सस्पेन्शन कुजलेल्या बॉडीला जोडणे म्हणजे वाळवी लागलेल्या चौकटीला नवे दार बसवणे. आधी दारांच्या फटी मोजून नोंदवल्या जातात, दाराच्या जागी आडव्या पट्ट्या जोडून सांगाडा जखडला जातो आणि मग एका वेळी एकाच बाजूची सिल कापली जाते. दोन्ही बाजू एकदम कापल्या तर गाडी मध्येच झुकते, आणि त्या स्थितीत वेल्डिंग झाले की तो बाक कायमचा होतो.

गंजलेल्या सिलवर नवा पत्रा झाकून रंग मारणे हा सर्रास आढळणारा आडमार्ग. ‘एमजीबी’ची सिल पुढच्या आणि मागच्या मडगार्डच्या आतपर्यंत जाते. पुढचे मडगार्ड सोडवल्याशिवाय आणि मागच्याचा खालचा भाग कापल्याशिवाय ती पूर्ण बदलताच येत नाही. कोणी हे टाळले असेल, तर दुरुस्ती दिखाऊच समजावी. बॉडी दुरुस्तीपलीकडे गेली असेल, तर ‘ब्रिटिश मोटर हेरिटेज’ ही संस्था १९८८ पासून मूळ साच्यांवर बनवत आलेली नवी बॉडी हा शेवटचा उपाय असतो.

पत्र्याचे काम झाले की सस्पेन्शनची पाळी. पुढच्या चाकांची सारी यंत्रणा एका आडव्या पोलादी तुळईवर बसवलेली असते आणि ती चार बोल्ट काढून अखंड उतरवता येते. स्प्रिंग काढताना मात्र अतोनात सावधगिरी हवी. दाबलेल्या स्प्रिंगमधील ताकद अचानक सुटली तर गंभीर इजा होते. चाक ज्या किंगपिनवर वळते, तिला वेळोवेळी ग्रीस मिळाले नसेल तर ती झिजते, सुकाणू जड होते आणि चाकाला खेळ येतो. कंपनीने दर तीन हजार मैलांना, म्हणजे सुमारे ४,८०० किलोमीटरला, ग्रीसिंग सांगितले होते; पुढील मालकांनी ते क्वचितच पाळले. या गाडीचे तेलाचे शॉक ॲब्सॉर्बर दांड्यांचे असून पुढच्या बाजूला तेच वरच्या भुजेचेही काम करतात. त्यातून तेल गळत असेल, तर नव्या सीलसह ते पुन्हा बांधून घेता येतात.

मागे सरळ ॲक्सल आणि पाटे आहेत. पाटे बसले असतील तर दोन्ही एकदम बदलावेत, अन्यथा गाडी एका अंगाला कलते. रबरी बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. चाके लोंबकळत असताना ते आवळले, तर रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते. त्याच वेळी तळातून जाणाऱ्या ब्रेकच्या गंजक्या पोलादी नळ्या आणि जुने रबरी होजही बदलून घ्यावेत. तांबे-निकेलच्या मिश्रधातूची नळी गंजत नाही, म्हणून तिला पसंती असते.

मूळ की सोयीचे?

आता प्रश्न उरतो तो निष्ठेचा. पॉलियुरेथेनचे बुश अधिक टिकतात. पण धक्के आणि आवाज अधिक पोहोचवतात. खुद्द कंपनीनेही रचना बदलली होती. अमेरिकेचे बंपरविषयक नियम पाळण्यासाठी १९७४ मध्ये गाडीला जाड काळे बंपर आले आणि तिची उंची एक-दीड इंचाने वाढवण्यात आली. त्याने वळणावरील तोल बिघडला. तो सावरण्यासाठी पुढे अँटी-रोल बारची व्यवस्था सुधारावी लागली. म्हणून कोणताही भाग मागवण्याआधी गाडीचे वर्ष पाहणे शहाणपणाचे.

भारतीय मालकांसाठी हा प्रश्न कायद्याचाही आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम जाहीर केले. त्यांनुसार वाहन मूळ स्वरूपात असावे आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. गंजलेला भाग बदलताना मूळ नमुन्याबरहुकूम काम करणे आणि प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे जपणे त्यामुळे हिताचे ठरते. आपल्याकडे रस्त्यावर मीठ टाकत नाहीत. पण मुंबई-कोकणची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस तेच काम करतात.

दुरुस्त झालेल्या तळावर गंजरोधक प्रायमर, सांध्यांत सीलर, वर लवचीक रंग आणि सिलच्या पोकळीत पातळ मेणाचा फवारा, असे संरक्षण आज देता येते. मात्र पाणी निचरण्याची भोके त्यात बुजता कामा नयेत. पावसाळ्यानंतर तळ गोड्या पाण्याने धुणे आणि वर्षातून एकदा गाडी वर उचलून नीट पाहणे, एवढी सवय लावून घेतली, तर हे खर्चिक काम पुन्हा काढण्याची वेळ लांबते.