बुटक्यांचा जोड

पत्त्यांचा डाव म्हटला की कोणी जिंकावयाचे आणि कोणी हरावयाचे, हे ठरलेलेच. मेंढीकोट असो की ब्रिज, समोर बसलेला भिडू आपला असला तरी डावीउजवीकडे प्रतिस्पर्धी असतातच. 2011 साली अमेरिकेतील फँटसी फ्लाइट गेम्स ह्या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या एका खेळाने मात्र ही रीत बाजूस ठेवली. नेट फ्रेंच ह्यांनी रचलेल्या ह्या खेळाचे नाव 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज : द कार्ड गेम'. टॉल्कीन ह्या इंग्रज लेखकाच्या अद्भुतकथांवर तो उभा आहे. येथे टेबलाभोवती बसलेले सारे एकाच पक्षाचे असतात. विरुद्ध पक्षाची जागा पत्त्यांच्या एका स्वतंत्र जोडाने घेतलेली असते. त्यातून एकेक पान उलटावे आणि शत्रू, बिकट वाटा, अवचित घाले ह्यांना सर्वांनी मिळून तोंड द्यावे, असा हा डाव आहे. मोहीम फत्ते झाली तर यश सर्वांचे.

खेळणाऱ्याने आपला जोड घरूनच बांधून आणावयाचा असतो, आणि खरी बुद्धी तेथेच लागते. जोडात निदान 50 पाने हवीत. एकाच नावाची पाने तिनांहून अधिक चालत नाहीत. त्याखेरीज जास्तीत जास्त तीन नायक आरंभापासून टेबलावर मांडलेले असतात. नेतृत्व, रणकौशल्य, आत्मबल आणि ज्ञान अशी चार क्षेत्रे आहेत. प्रत्येक नायकाला दर फेरीस एक चकती मिळते, आणि ज्या क्षेत्राचे पान खेळावयाचे त्याच क्षेत्राच्या नायकाची चकती त्यासाठी खर्चावी लागते.

आता प्रश्न असा, की चांगली चांगली पाने चहूकडून वेचून घ्यावीत, की एका कुळातील मंडळीच जमवावीत? पुष्कळांची समजूत अशी, की कथेशी इमान राखू गेले की जोड दुबळा होतो. बुटक्यांच्या जोडाने ही समजूत खोटी ठरविली आहे. मात्र त्याचे कारण बुटके शूर आहेत, हे नव्हे. एकेकट्या बुटक्याचे पान पाहिले तर ते सामान्यच दिसते. त्यांचे बळ एकमेकांच्या सोबतीवर अवलंबून ठेवलेले आहे.

ह्या जोडाचे तीन नायक असे घ्यावेत : डाइन आयर्नफूट, थोरिन ओकनशील्ड आणि ओरी. पहिले दोघे नेतृत्वाचे, तिसरा ज्ञानाचा. डाइन उभा असेतोवर, म्हणजे त्याचे पान आडवे झालेले नसेतोवर, टेबलावरील प्रत्येक बुटक्याचा निर्धार एकाने वाढतो आणि मारही एकाने वाढतो. थोरिनला व ओरीला मात्र एक अट आहे. खेळणाऱ्याजवळ निदान पाच बुटके असतील तर थोरिन दर फेरीस एक चकती जास्त देतो आणि ओरी एक पान जास्त देतो. ओरीकडे ज्ञानाचे क्षेत्र का दिले, हे मूळ ग्रंथ वाचणाऱ्याच्या लगेच ध्यानी येते. मोरियाच्या खाणीत सापडलेल्या बखरीची अखेरची पाने त्याच्याच हातची आहेत.

तेव्हा सारा डाव ह्या पाच आकड्यावर येऊन ठेपतो. तीन बुटके आरंभीच आहेत. उरलेले दोन किती लवकर येतात, एवढेच पाहावयाचे. येथे फिली आणि किली ही जोडगोळी कामास येते. फिलीला नेतृत्वाच्या तीन चकत्या पडतात. तो हातातून खेळला की जोडात शोधून किलीला फुकट आणता येते. पहिल्या फेरीत नेतृत्वाच्या दोनच चकत्या असतात, दुसरीत चार होतात. म्हणजे फिली हातात असेल तर दुसऱ्याच फेरीत पाचांचा मेळ जमतो. किली मात्र आत्मबलाच्या क्षेत्रातला आहे आणि वरील तिघांत त्या क्षेत्राचा कोणीच नाही. तो आधीच हातात आला तर त्याची किंमत चुकविता येत नाही, पान नुसते अडून बसते. म्हणून फिलीची तीन पाने घ्यावीत, किलीची दोन पुरेत.

जोड 50 पानांचाच का ठेवावा, हेही ह्यावरून कळते. आरंभी सहा पाने हातात येतात. 50 पानांत फिलीची तीन असतील तर त्या सहांत एक तरी फिली असण्याचा संभव शेकडा 32 आहे. हात पसंत नसल्यास एकदा बदलून घेता येतो. तेवढ्याने हा संभव शेकडा 54 पर्यंत चढतो. हौसेने जोड 60 पानांचा केला तर पहिल्याच हाताचा संभव 28 च्या आत उतरतो. आवडीचे दहावे पान काढून टाकताना जीव कासावीस होतो खरा, पण ते काढावेच.

अधिक नाजूक गोष्ट डाइनची आहे. तिघांत बचावाला तोच चांगला. त्याचा बचाव तीन आणि उरलेल्या दोघांचा एकेक. साहजिकच शत्रू अंगावर आला की त्यालाच पुढे करण्याचा मोह होतो. पण बचाव करणाऱ्याचे पान आडवे होते. डाइन आडवा झाला की साऱ्यांच्या माराला एकेक अंकाची गळती लागते, आणि हाताशी आलेला शत्रू निसटतो. ह्यावर उपाय एरेबोरच्या बखरकाराचा. त्याची किंमत ज्ञानाची एक चकती, म्हणजे ओरीच्या पहिल्याच चकतीत तो येतो आणि चौथा बुटकाही होतो. त्याला आडवे करून ज्ञानाची आणखी एक चकती दिली की कोणत्याही एका बुटक्याला पुन्हा उभे करता येते. लढाईत आधी शत्रूंचे वार होतात, मग आपले. म्हणून डाइनने वार झेलावा, बखरकाराने त्याला उठवावे, आणि मग सर्वांनी वाढीव बळाने तुटून पडावे. त्यासाठी बखरकाराला त्या फेरीत मोहिमेवर धाडू नये आणि ओरीची एक चकती राखून ठेवावी. नवखे खेळणारे नेमके हेच विसरतात.

धोक्याचा आकडा हे दुसरे दुखणे. तिघा नायकांचा मिळून तो 31 ने सुरू होतो, दर फेरीस एकाने वाढतो आणि मोहिमेत निर्धार कमी पडला तर त्याहून जास्त. 50 झाले की तो खेळणारा बाद. त्यासाठी गँडाल्फ घ्यावा. त्याच्या पाच चकत्या जड वाटतात, पण आल्याबरोबर तो धोका पाचाने उतरवू शकतो. शिवाय थोरिनच्या मंडळीला वाटेला लावणारा तोच असल्याने तो येथे परका नाही.

तसे 'स्टुअर्ड ऑफ गोंडोर' ह्या पानाविषयी म्हणता येत नाही. ते एखाद्या नायकाला जोडले की दर फेरीस दोन चकत्या अधिक मिळतात. बलाढ्य पान आहे, ह्यात शंका नाही. पण त्याने डोंगरातला बुटक्यांचा राजा माणसांच्या गोंडोर राज्याचा कारभारी होऊन बसतो! ज्याला केवळ जिंकावयाचे आहे त्याने ते खुशाल घ्यावे. पाचांचा मेळ जमल्यावर थोरिन स्वतःच जादा चकती देतो. तेव्हा हे पान गाळून त्या जागी मोरियाचे आकर्षण दाखविणारे 'लूर ऑफ मोरिया' घालणे अधिक शोभते. तीन चकत्यांत ते सगळ्या बुटक्यांना एकदम उभे करते. सारे मोहिमेवर जातात आणि सारेच लढाईलाही हजर राहतात.

दोघांनी खेळावयाचे असेल तर दुसऱ्यानेही बुटकेच आणावेत काय? डाइनचा लाभ टेबलावरील सर्व बुटक्यांना मिळतो, म्हणून हा विचार सुचतो. परंतु पाचांची गणना ज्याची त्याची वेगळी होते, आणि डाइन, फिली ह्यांसारखी नावाची माणसे टेबलावर एकेकदाच येऊ शकतात. एकाने फिली मांडला की दुसऱ्याच्या हातातला फिली वाया जातो. त्यापेक्षा सोबत्याने आत्मबलाचा जोड आणावा. त्या क्षेत्रात 'अ टेस्ट ऑफ विल' हे एका चकतीचे पान आहे. संकटाचे पान उलटताक्षणी त्याचा जो घाला पडावयाचा, तो त्याने रद्द होतो. बुटक्यांच्या जोडात अशा घाल्यांवर इलाज जवळजवळ नाही, आणि एकाच फटक्यात चार अशक्त बुटके गारद झाले की पाचांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागते.