लाकडातला व्हॅनिला

जुनं वर्तमानपत्र उन्हात पिवळं पडतं ते मुख्यतः लिग्निनमुळे. झाडाला ताठ ठेवणारं हे द्रव्य लाकडात साधारण 20 ते 30 टक्के असतं. कागद कारखान्यांना मात्र ते नकोसं; लगदा करताना वेगळं काढायचं आणि बहुतेक ठिकाणी बॉयलरमध्ये जाळायचं, हीच रीत.

नॉर्वेतल्या सार्प्सबोर्गची बोरेगार्ड कंपनी 1962पासून त्याच लिग्निनमधून व्हॅनिलिन काढते, म्हणजे आइस्क्रीमला व्हॅनिलाचा वास देणारा रेणू. स्प्रूसच्या लाकडातलं लिग्निन सल्फाइटने पाण्यात विरघळतं. मग अल्कलीत, तांब्याच्या उत्प्रेरकासोबत, उष्णता आणि दाबाखाली त्याचं ऑक्सिडीकरण करतात. हाती येतं थोडंच. बाकी लिग्नोसल्फोनेटचं, म्हणजे त्या विरघळलेल्या लिग्निनचं, मोठं गिऱ्हाईक म्हणजे काँक्रीटवाले: ते घातलं की कमी पाण्यातही मिश्रण सैल राहतं.

लिग्निनमधले बंध तोडणं एक वेळ जमतं, पण तुटलेले तुकडे लगेच पुन्हा एकमेकांना चिकटतात आणि तेही आधीपेक्षा घट्ट! 2016 साली लोझानच्या ईपीएफएल या तंत्रज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी फॉर्मल्डिहाइड मिसळून ही चिकटाचिकट बरीच रोखली.

महाराष्ट्रातल्या उसाच्या चिपाडातही लिग्निन भरपूर असतं. साखर कारखाने सध्या ते चिपाड जाळून वाफ आणि वीज करतात.