मोटारीचे बॉनेट : हातांनी बेतलेला पत्रा

मोटार दारात येऊन उभी राहिली की आपली नजर प्रथम तिच्या चकचकीत रेडिएटरकडे जाते, नाहीतर आतल्या गाद्यांकडे. या दोहोंच्या मध्ये इंजिनावर जे पत्र्याचे झाकण असते, त्याच्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. तथापि जुन्या काळच्या श्रीमंती मोटारींत कारागिराची खरी परीक्षा तेथेच होत असे.

आम्हा ग्वाल्हेरकरांना या विषयाचे अगत्य वाटावे असे एक कारण आहे. १९०८ साली मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची कसोटी झाली. सह्याद्रीचे घाट ओलांडून तीत नाव मिळवलेली ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ ही रोल्स-रॉइस पुढे महाराज माधवराव शिंदे यांनी विकत घेतली.

अगदी आरंभीच्या मोटारींत इंजिन बहुधा आसनाखाली किंवा मागे असे. १८९१ साली फ्रान्समधील पानार-लव्हासोर कंपनीने ते पुढे आणले, आणि त्याला झाकण लागले. इंग्रजीत बॉनेट म्हणजे स्त्रियांची टोपी. तेच नाव या झाकणाला मिळाले. पुढे इंजिने वाढली. १९०७ च्या रोल्स-रॉइस ‘सिल्व्हर घोस्ट’ गाडीत सात लिटरांच्या इंजिनाचे सहा सिलिंडर एकामागे एक, सरळ रांगेत होते. रांग लांब, म्हणून झाकणही लांब. मग लांब बॉनेट हीच ऐश्वर्याची खूण ठरली.

आता खरी अडचण ध्यानात घ्यावी. रोल्स-रॉइसचा कारखाना सांगाडा, इंजिन व रेडिएटर तयार करी. वरची बैठक मात्र बार्कर किंवा हूपर यांसारखे लंडनचे गाडीघडवे गिऱ्हाइकाच्या पसंतीप्रमाणे बांधीत. बॉनेट या दोन घरांमधला दुवा. त्याची पुढची कड अरुंद रेडिएटरला आणि मागची कड रुंद बैठकीला मिळाली पाहिजे, आणि मधली रेषा कोठे तुटता कामा नये. दोन गाड्यांचा सांगाडा एकच असला तरी बैठक वेगळी, म्हणून एकीचे बॉनेट दुसरीला नीट बसेलच असे नाही. शिंप्याने मापे घेऊन अंगरखा बेतावा, तसेच हे काम.

बॉनेटचे चार तुकडे असत : वर दोन, बाजूंना दोन. मध्यभागी रेडिएटरपासून बैठकीपर्यंत एक लांब बिजागरी. पत्रा पुष्कळदा ॲल्युमिनियमचा, कारण तो लोखंडाच्या सुमारे एक तृतीयांश वजनाचा. ठोकता ठोकता हा पत्रा कडक होतो, म्हणून तो तापवून पुन्हा नरम करावा लागतो. पण लोखंडासारखा तो लाल होत नाही; एकाएकी वितळतो. यावर कारागिरांनी सोपी युक्ती काढली. पत्र्यावर साबण चोळायचा व तापवायचे. साबण काळा पडला की आच पुरे. नंतर वाळूच्या पिशवीवर लाकडी मोगरीने ठोकून, दोन पोलादी चाकांमधून पुनःपुन्हा फिरवून बाक आणायचा. आपल्याकडचे तांबट भांडे मठारतात, त्याचीच ही बहीण. कडा वाकू नयेत म्हणून त्या तारेवर वळवीत.

बाजूंना जे झरोके दिसतात, ते निव्वळ शोभेचे नव्हेत. रेडिएटरमधून आत आलेल्या हवेला बाहेर पडण्यास वाट नसेल, तर नवी हवा आत कशी शिरणार? म्हणून पत्र्याला चीर देऊन तो बाहेर फुगवीत व झरोक्याचे तोंड मागे ठेवीत. शेवटी, पत्र्यावर पत्रा खडखडू नये म्हणून रेडिएटरच्या व बैठकीच्या कडेला जाड पट्टी ओवीत. गाडी धावताना बॉनेट मुके राहिले, की कारागीर उत्तीर्ण!

पुढे यंत्राच्या दाबाने एकसारखी बॉनेटे भराभर निघू लागली. बार्करचे घराणे १९३८ साली हूपरमध्ये विलीन झाले, आणि हूपरने १९५९ साली गाड्या बांधणे थांबवले. यंत्राने मोटार सामान्य माणसाच्या दारी आणली, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु जुन्या गाडीचे बॉनेट आज चेपले, तर त्याच्या मापाचे दुसरे दुकानात मिळत नाही. ते पुन्हा हातांनीच घडवावे लागते, आणि ते हात फार थोडे उरले आहेत.

आपल्या न्यासाने आजवर शिष्यवृत्त्या दिल्या त्या बहुतेक पुस्तकी शिक्षणाला. आमच्या सभासद कुटुंबांना या महोत्सवाच्या निमित्ताने एवढीच विनंती : घरातला एखादा मुलगा वा मुलगी पत्रा ठोकण्याचे, घडवण्याचे काम शिकू म्हणेल, तर त्याला कमी लेखू नये, आणि न्यासानेही त्याचा अर्ज इतर अर्जांच्या बरोबरीने वाचावा.