गोधडीचा काठ

गोधडी आधी कुठे फाटते, हे तुम्ही कधी नीट पाहिले आहे का? मधे नाही, काठाला. थंडी वाजली की आपण काठ धरूनच ती ओढतो. धुताना आपटतो तेव्हा मार खातो तोही काठच. तो उसवला की आतले जुनेर बाहेर डोकावते आणि आजीने महिनाभर बसून घातलेला धाव दोरा सुटू लागतो. म्हणून काठाला गोट हवा.

मधले टाके हाताचेच असू द्या. त्यांनी गोधडी मऊ राहते. काठाला मात्र मशीन बरे. धाव दोऱ्यात एकच धागा खालीवर जातो; तो तुटला की निसटत जातो. मशीनच्या टाक्यात वरचा नि खालचा असे दोन धागे कापडाच्या पोटात एकमेकांत अडकतात. १८४६ साली अमेरिकेत ईलायस हौ यांनी ज्या यंत्राचे पेटंट घेतले, त्यात हीच युक्ती होती.

आता कापडाचा हिशोब. गोधडी सहा फूट लांब, चार फूट रुंद असेल तर घेर झाला २० फूट. कोपरे व जोड यांसाठी एक फूट जास्त धरा. पन्हा ४५ इंच असेल, तर तीन इंच रुंदीच्या सहा पट्ट्या पुरतात. म्हणजे कापड लागले अवघे अर्धा वार! पट्ट्या तिरक्या जोडा. शिवण एके ठिकाणी जाड होत नाही.

पट्टी लांबीत दुमडून इस्त्री करा. तिच्या मोकळ्या कडा गोधडीच्या उलट बाजूच्या काठाशी जुळवा. आधी कच्चे टाके घाला, कारण मशीनचे दाते खालचा थर पुढे ओढतात आणि वरचा मागे राहतो. मग काठापासून अर्ध्या इंचाच्या किंचित आत शिलाई मारा. कोपऱ्याच्या तेवढेच अलीकडे थांबा, दोरा तोडा, पट्टी बाहेर तिरकी दुमडा, पुन्हा दुसऱ्या काठावर आणा आणि पुढे चला. शेवटी पट्टी सुलट बाजूवर वळवून, पहिली शिलाई झाकेल अशी, दुसरी शिलाई घाला. सुई १६ किंवा १८ नंबरची घ्या. जाड जागी चाक हाताने फिरवा.

माझ्या आजीच्या गोधडीला मी पहिल्यांदा गोट लावला, तो कापड न भिजवता. पहिल्याच धुण्यात पट्टी आटली आणि काठ पापडासारखा वळला. शिवाय टाके इतके बारीक घातले होते, की उसवताना आजीच्या लुगड्याचाच तुकडा निघून आला. नवे लुगडे बाजारात मिळेल हो. ते लुगडे कुठून आणायचे?

तेव्हा पट्टीचे कापड आधी भिजवून वाळवा आणि इंचाला सात-आठच टाके घाला. गोट हा झिजण्यासाठीच असतो, बरं का. काही वर्षांनी तो उसवून दुसरा लावता आला पाहिजे.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, मुलांना एकदा घरची गोधडी मोजायला सांगा. घेराचे गणित होईल, आणि आत कोणाकोणाची वस्त्रे आहेत, हेही ती घरी विचारतील.