चावी धुतली गेली? आधी सेल काढा!

पँटच्या खिशातली कारची रिमोट चावी वॉशिंग मशीनमधून फिरून आली, तर बटण दाबून बघायचा मोह आधी आवरा. नुसत्या पाण्यापेक्षा सेल आत असताना शिरलेलं साबणाचं पाणी जास्त घातक. त्यातून वीज वाहते आणि सर्किटवरचं तांबं गंजायला लागतं. म्हणून नखाने किंवा चपट्या स्क्रू ड्रायव्हरने चावी उघडून सेल लगेच काढा. बहुतेक चाव्यांत ३ व्होल्टचा सीआर२०३२ असतो. (तो लहान पोरांच्या हाती लागू देऊ नका, गिळला तर जिवावर बेततं.)

आपल्या अंबाजोगाईत बऱ्याच घरी बोअरचं पाणी. बादलीला पांढरा थर धरतो, तसाच तो सर्किटवरही धरणार. त्यामुळे इन्व्हर्टरमध्ये टाकतो ते डिस्टिल्ड वॉटर घ्या, त्यात सर्किट खळबळून काढा, मऊ ब्रशने साबण घालवा. मग दोन दिवस पंख्याखाली वाळवा. तांदळाच्या डब्यात पुरून उपयोग शून्य, उलट पीठ आत जातं. कडक उन्हात किंवा हेअर ड्रायरखालीही नको, प्लास्टिक वाकतं.

तोवर गाडी अडते का? सहसा नाही. चावी ओळखून इंजिन सुरू होऊ देणारी इमोबिलायझरची चिप सेलवर चालतच नाही. इग्निशनभोवतीच्या कॉइलमधून तिला वीज मिळते. पुश बटणवाल्या बहुतेक गाड्यांत चावी बटणाला टेकवली की इंजिन सुरू होतं, आणि दार उघडायला आत लपवलेली लोखंडी चावी असतेच.

वाळल्यावर सेल मात्र नवाच टाका.