विश्लेषण : लोकसंख्या अडीच पट झाली, तरी लायबेरियात यादवीचा हिशेब बाकी का?

पश्चिम आफ्रिकेतील लायबेरियाची लोकसंख्या १९८४च्या जनगणनेत सुमारे २१ लाख होती. पुढची जनगणना थेट २००८मध्ये झाली. मधल्या २४ वर्षांत देशाने दोन यादवी युद्धे पाहिली. २०२२च्या जनगणनेत हा आकडा ५२ लाखांवर गेला. आजचे बहुतेक लायबेरियन एक तर युद्ध संपल्यानंतर जन्मले किंवा त्या वेळी अगदी लहान होते. तरीही त्या युद्धाचे परिणाम त्यांना भोगावे लागत आहेत.

यादवीचे मूळ कशात?

अमेरिकेतून आलेल्या मुक्त कृष्णवर्णीयांनी वसवलेला हा देश १८४७मध्ये स्वतंत्र झाला. त्यांचे वंशज, म्हणजे अमेरिको-लायबेरियन, लोकसंख्येत जेमतेम पाच टक्के. पण सत्ता १९८०पर्यंत त्यांच्याच हाती राहिली. त्या वर्षी सॅम्युएल डो या लष्करी सार्जंटने बंड करून सत्ता घेतली. डो यांनी स्वतःच्या क्राह्न जमातीला झुकते माप दिले आणि निंबा प्रांतातील गिओ व मानो जमातींवर सूड उगवला. डिसेंबर १९८९मध्ये चार्ल्स टेलर यांचे बंडखोर याच निंबात शिरले. २००३पर्यंतच्या दोन युद्धांत सुमारे अडीच लाख लोक मारले गेले.

वस्ती कशी बदलली?

जीव वाचवण्यासाठी गावे ओस पडली आणि लोकांनी राजधानी मन्रोव्हिया गाठली. अनेक जण परतलेच नाहीत. आज देशातील तिघांपैकी एकाहून अधिक जण राजधानीच्या मोन्सेराडो प्रांतात राहतात. जे परतले त्यांच्या जमिनीवर दुसरेच राहत होते. निंबात मँडिंगो आणि गिओ-मानो यांच्यातील जमिनीचे वाद यातूनच चिघळले. गावांच्या पारंपरिक सामूहिक जमिनीला कायदेशीर मान्यता मिळाली ती २०१८च्या कायद्याने.

लढणाऱ्यांचे काय झाले?

शांतता करारानंतर एक लाखाहून अधिक जणांनी निःशस्त्रीकरणासाठी नोंदणी केली. त्यात हजारो बालसैनिक होते. शस्त्रे गेली, पण शाळा सुटलेली आणि हाताला काम नाही, अशी स्थिती. मन्रोव्हियाच्या रस्त्यांवर राहणाऱ्या, व्यसनात अडकलेल्या तरुणांना तिथे ‘झोगो’ म्हणतात. त्यात युद्धानंतर जन्मलेलेही आहेत. जानेवारी २०२४मध्ये सरकारने अमली पदार्थांचा विळखा ही सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी ठरवली.

भारताचा संबंध काय?

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत केंद्रीय राखीव पोलीस दलाची महिला तुकडी २००७ ते २०१६ या काळात मन्रोव्हियात तैनात होती. केवळ महिलांची अशी ही पहिलीच पोलीस तुकडी. तिच्यामुळे स्थानिक महिलांना पोलीस सेवेत येण्याची प्रेरणा मिळाली.

न्याय का रखडला?

सत्यशोधन आयोगाने २००९मध्ये विशेष न्यायालयाची शिफारस केली. मात्र, युद्धातील अनेक म्होरके तोवर राजकारणात स्थिरावले होते. डो यांना पकडून छळ करून मारणाऱ्या गटाचा प्रमुख प्रिन्स जॉन्सन निंबातून सिनेटर झाला. तिथल्या अनेकांसाठी तो रक्षणकर्ता होता. टेलर यांना ५० वर्षांची शिक्षा झाली, पण ती शेजारच्या सिएरा लिओनमधील गुन्ह्यांसाठी. अध्यक्ष जोसेफ बोआकाई यांनी मे २०२४मध्ये विशेष न्यायालयाच्या पूर्वतयारीसाठी कार्यालय स्थापण्याचा आदेश काढला. मात्र, साक्षीदार म्हातारे होत आहेत आणि जॉन्सनसारखे आरोपी मरण पावले आहेत. उशीर होईल तसा न्यायालयासमोर उभे राहणारे कमी होत जातील. मग काय घडले हे तरुण पिढीला आपापल्या जमातीत सांगितल्या जाणाऱ्या कहाण्यांतूनच कळेल आणि जुनी वैरे पुढच्या पिढीतही टिकतील.